मंदाने सांडलेली कढी

माझा स्वभाव तापट आहे. तवा तापायला वेळ लागतो, पुष्पाला लागत नाही, असं आमचे हे सगळ्यांना सांगतात. ते स्वतः इतके थंड आहेत की घरात एकाने तरी तापणं भागच होतं. हॉटेलचं नाव काढलं की मी तापायचेच. विकतचं अन्न म्हणजे कोणाच्या हाताचं, कुठल्या पाण्याचं, कितव्यांदा तापवलेल्या तेलाचं, काही पत्ता नाही, आणि वर आपणच पैसे मोजायचे. दोघं जण हॉटेलात जेवले की जेवढं बिल होतं, तेवढ्यात आमच्या घरी आठवड्याचा भाजीपाला येतो. घरात ज्वारी आहे, तूर आहे, दारात म्हैस आहे, मग दुसऱ्याच्या दारी ताटासाठी कशाला जायचं? शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात माझं हे भाषण लोकांना पाठ होतं.

आणि देवाने बरोबर माझ्याच घरात ढाबा काढला. माझे धाकटे दीर झुलाल आणि त्यांची बायको मंदा यांच्या वाटणीला आग्रा रोडला लागून असलेला तुकडा आला. मुरमाड जमीन, कापूस गुडघ्याच्या वर जायचा नाही. मंदा म्हणाली, इथे कापूस येत नाही पण ट्रक येतात, तर ट्रकवाल्यांनाच जेवू घालू. नऊ वर्षांपूर्वी तिने नरडाण्याच्या अलीकडे पत्र्याचं शेड टाकलं. पाटीवर नाव भलतंच आहे, पण ड्रायव्हर लोक त्याला मंदाबाईचा ढाबा म्हणतात. शेवभाजी, भाकरी, कांदा, ठेचा. माझे दीर तिथे मागच्या बाजूला बसून कांदे सोलतात आणि त्यात त्यांना काही वाटतही नाही. पाटलाच्या घरची सून रस्त्यावर भाकरी विकते, असं मी पाच-पन्नास ठिकाणी बोलले असेन. तिच्या कानावर गेलंच असणार. ती कधी काही म्हणाली नाही. सणावाराला यायची, अक्का म्हणून पाया पडायची आणि निघून जायची.

आमचे हे मात्र तिच्याकडे चोरून जेवायचे. धुळ्याला बियाण्याच्या कामाला जातो म्हणायचे आणि शर्टाला काळ्या मसाल्याचा वास घेऊन यायचे. मागच्या वर्षी डॉक्टरांनी ह्यांच्या रक्तात चरबी वाढली म्हणून तेल कमी करायला सांगितलं, तेव्हा मी सगळा दोष ढाब्यावर टाकला. माझ्या डाळीच्या फुनक्यांवर मी जी तेलाची धार सोडते तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आपलं तेल ते प्रेम आणि दुसऱ्याचं तेल ते विष, असाच माझा हिशोब होता.

माझे कढी-फुनके पंचक्रोशीत प्रसिद्ध. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात लसूण-मिरची, कांदा, कोथिंबीर, मुटके वळून वाफवायचे, आणि वरून आंबट-तिखट कढी. हेच जेवण खाऊन चोपड्याच्या पाहुण्यांनी माझ्या भाविकाचं लग्न ठरवलं. मुलगा स्वप्नील, केळीची बाग, स्वतःचं कृषी केंद्र, बोलायला गोड. पण त्या घरात शब्द चालतो तो त्याच्या आजीचा, धुरपदाबाईचा. पहिल्या बैठकीला म्हातारीने भाविकाला एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली, माठावरचं झाकण उचललं, मिठाच्या बरणीत डोकावली, ओट्याखालचा कोपरा वाकून पाहिला.

"सून दखानी नही," ती म्हणाली, "तिनी मायनं सयपाकघर दखानं. पोर तेच शिकस." सून नव्हे, तिच्या आईचं स्वयंपाकघर पाहायचं, हा तिचा नियम.

आधीचं एक स्थळ तिने नुसत्या परातीच्या कडेला वाळलेलं पीठ दिसलं म्हणून मोडलं होतं, हे आम्हाला मध्यस्थाने सांगून ठेवलं होतं. माझ्या घरात तिला बोट ठेवायला जागा मिळाली नाही. जेवून उठताना म्हणाली, साखरपुड्यालाही हीच कढी कर. त्या रात्री भाविका माझ्या शेजारी येऊन पडली आणि म्हणाली, "आई, हे मोडू देऊ नकोस हं. मला तो फार आवडला आहे." मी तिच्या डोक्यावर थापटलं. माझ्या स्वयंपाकघरावर ठरलेलं लग्न कशाला मोडतंय, असं मला वाटलं.

तारीख ठरली, दीडशे माणूस. आठ दिवस आधी मंदा आली. माझ्या ओसरीवर चार बायका पापड लाटत बसल्या होत्या.

"अक्का, इतला मानसेसना सयपाक एकल्यानं काम नही," ती म्हणाली. "भांडा मनाकडे शेतस, दोन बाया शेतस. तुम्ही सांगशात तसं मी आठेच करी देसू. पैसाना इशय नही."

मला चार बायकांसमोर चेव आला. "मनी पोरना साखरपुडामा ढाबानं काही नको," मी म्हटलं. "ट्रकवालासना खरकटा उचलतस, त्या हात मना सयपाकमा नकोत."

लाटणी थांबली. मंदाने आपल्या हातांकडे एकदा पाहिलं आणि पदराला पुसले. हात ओले नव्हतेच. "बरं अक्का. मंग पाव्हनी म्हनीसन येसू," एवढं म्हणून ती गेली. बायकांनी पुन्हा लाटणी चालवली आणि मीही काही झालं नाही असं दाखवलं.

दीडशे माणसांची कढी करायची तर भांडं हवं. मंडपवाला ॲल्युमिनियमची भांडी देतो, पण ती दहा गावं फिरून आलेली असतात, कोणी कशी धुतली देव जाणे. ती मला नको होती. मला आठवलं की मारुतीच्या देवळामागच्या खोलीत गावकीचं जुनं पितळी पातेलं आहे. एके काळी गावातली सगळी लग्नं त्याच्यावर व्हायची. आता कोणी नेत नाही, फार तर भंडाऱ्याला पाणी तापवतात. दोन गडी लावून ते मी घरी आणलं. बाहेरून काळंकुट्ट आणि आतून मळकट, राखाडी-पांढरे डाग. मी पदर खोचला, चिंच, मीठ आणि राख घेतली आणि काथ्याने दोन दिवस घासलं. मोलकरणीला हात लावू दिला नाही. आतले ते पांढरट डाग काही केल्या जाईनात, तेव्हा विटेचा चुरा लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पातेलं आतून-बाहेरून सोन्यासारखं पिवळं निघालं.

आमचे हे दारातून म्हणाले, "आखो घासशी ते भोक पडी जाई." मी म्हटलं, चोपड्याच्या म्हातारीला तोंड दिसलं पाहिजे आतमध्ये.

साखरपुड्याच्या दिवशी पहाटे उठले. वरण झालं, बट्ट्या झाल्या, वांग्याची घोटलेली भाजी झाली, फुनके वाफवले. सकाळी आठला कढी उकळून तयार होती आणि निखाऱ्यावर ठेवली होती. मंडळी अकराला यायची होती. त्यांच्या एका गाडीचं चाक शिरपूरपाशी बसलं, आणि अकराचे साडेबारा झाले, मग दीड. तोवर मी तीन-चारदा कढी चाखली. आंबट झाली का, मीठ कमी पडलं का, वाटी वाटी भरून प्यायले. बाराच्या सुमाराला तोंडात कसलीशी चव आली, नाणं चोखल्यासारखी, आणि पोटात ढवळायला लागलं. सकाळपासून पोटात दुसरं काही नव्हतं, धुरात उभी होते, म्हटलं पित्त असेल.

चोपड्याच्या गाड्या दारात आल्या आणि मागोमाग मंदा आली. चांगली मोरपंखी साडी नेसून, पाहुणी म्हणून आली होती. मी तिला मंडपाकडे हात केला. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मंडपाकडे न जाता माझ्यामागे परसात आली, जिथे चुली मांडल्या होत्या.

"अक्का, तोंड पांढरं पडेल शे तुमनं. काय व्हयनं?"

"काही नही. उपाशी शे."

पण तिची नजर पातेल्यावर गेली होती. ती जवळ गेली. झाकण सरकवलं, वाकून पाहिलं, कढीच्या काठाला पातेल्यावर बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरलं. बोटावर हिरवट काहीतरी लागलं होतं.

"हाई पातेलं आतून पिवळं कसं?"

"घासं मी. दोन दिवस."

"आतून पांढरं व्हतं ना पहिले?"

"डाग व्हतात. काढात बठ्ठा."

मंदाने डोळे मिटले. "अक्का, त्या डाग नव्हतात. ती कल्हई व्हती."

खरं सांगते, त्या क्षणी मला ते कळलं. कथिलाची कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवू नये, ते कळकतं, विषारी होतं, हे मला माझ्या सासूने लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पण घरातली पितळेची भांडी मोडीत जाऊन वीस वर्षं झाली, कल्हईवाला गावात यायचा बंद झाला, आणि स्टीलच्या भांड्यात वागता वागता मी ते विसरून गेले होते. कळलं, आणि तरी मी मान्य केलं नाही. मंडपात लोक टेकले होते, ताटं मांडली जात होती, आणि मंदासमोर हरायची माझी तयारी नव्हती.

"पाच तास तर झालेत," मी म्हटलं. "इतलामा काही व्हत नही. मी स्वता पिनी."

"म्हनीसन तुमनं तोंड असं शे," ती म्हणाली. मग आवाज अगदी खाली आणून बोलली, पुढच्या ओटीवर कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "मना ढाबाना पहिला वरीसले मी चिंचनं पानी पितळना घमेलामा ठेयं. तीन ड्रायव्हर उलट्या करी करी पडनात. आठ दिवस चूल पेटाडी नही मी. अक्का, मंडपमा धाकला पोरं शेतस. म्हातारी शे. हाई वाढू नका."

"मंदा, सरक."

"नही सरकस."

"सरक म्हनस ना!"

तिने साडीचा पदर कमरेला खोचला, दोन फडकी घेतली, पातेल्याच्या कडा धरल्या आणि सगळा जोर लावून ते कलंडवलं. चुलीचे निखारे चर्रकन विझले. दीडशे माणसांची कढी परसातल्या मोरीतून उकिरड्याकडे वाहत गेली. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण मंडपातली बोलणी थांबली आणि पावलं वाजली.

पहिल्यांदा आली ती धुरपदाबाई, काठी टेकत, मागे तिची मंडळी आणि आमचे हे. तिने मोरीत वाहणारी पिवळी कढी पाहिली, आडवं पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एवढं खरं बोललं की संपलं, एवढंच डोक्यात होतं. परातीवरच्या पिठासाठी स्थळ मोडणारी बाई, आणि तिच्या नातवंडांसाठी मी कळकलेली कढी रांधून ठेवली होती. भाविका नव्या साडीत दारात येऊन उभी होती.

मंदा पुढे झाली. "मनी चूक, माय," ती म्हणाली. "मी मदत कराले गयी अन मना धक्का लागना. पातेलं कलंडी गयं."

"तू कोन?"

"मी धाकली जाऊ. मंदा. रोडवर ढाबा शे आमना."

म्हातारी मोठ्याने हसली. "ढाबावाली! पैसा लीसन वाढानी सवय, फुकटनं हातमा राहत नही का?" तिच्याबरोबरची माणसं हसली. कोणीतरी मागून म्हणालं, असल्या बायकांना घरच्या स्वयंपाकात घेऊच नये. मंदा खाली मान घालून उभी राहिली. आणि मी, जिने ते पातेलं घासलं होतं, तिथेच उभी होते आणि गप्प होते. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मंदाने मान वर केली ती थेट कामाच्या गोष्टीवर. "माय, अर्धा घंटा द्या. कढीना जागे दुसरं करी देस." तिने फोन लावला. वीस मिनिटांत झुलाल जीप घेऊन आले, दोन बाया, स्टीलची डेगची, शेवेचे डबे, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या पेटीत. त्या तिघी बायकांनी माझ्या परसाचा ताबा घेतला आणि मी एका बाजूला झाले.

पित्त म्हणून दाबून ठेवलेलं तेव्हा वर आलं. गोठ्यामागे जाऊन मी दोनदा ओकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंडातली नाण्याची चव जात नव्हती. मी चार वाट्या प्यायले होते आणि माझी ही गत झाली होती. मंडपात तीन-चार वर्षांची पोरं पळापळी खेळत होती. भिंतीला धरून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

परत आले आणि मंदाला काम करताना पाहिलं, नीट, पहिल्यांदाच. नऊ वर्षांत मी तिच्या ढाब्यावर पाऊल ठेवलं नव्हतं, मग कुठून पाहणार? तिने केस फडक्यात बांधले होते, बांगड्या काढून डब्यात ठेवल्या होत्या. प्यायचं पाणी कुठलं हे झुलालला विचारून घेतलं आणि रश्श्यासाठी वेगळं उकळायला ठेवलं. वाटण तेलात घातलं तेव्हा परस त्या वासाने भरलं. चव बघायची तर तिने डावातले दोन थेंब वेगळ्या वाटीत घेतले, वाटीतून चाखलं, आणि वाटी धुवायला टाकली. मी आयुष्यभर डाव तोंडाला लावत आले. एका बाईने शेव लवकर टाकायला घेतली तर तिने हात धरला, पंगत बसल्यावरच टाकायची, नाही तर लगदा होतो म्हणाली. हे सगळं करताना ती त्या दोन बायांशी हसत बोलत होती. आत्ताच दीडशे लोकांपुढे मान खाली घालून आलेली बाई ही नव्हेच, असं वाटावं इतकी ती त्या कामात मालकीण होती. माझ्या मनात तिच्याविषयी जे आलं त्याला मत्सर म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ते कौतुक होतं आणि ते मला गिळता येत नव्हतं.

पंगत बसली. वरण-बट्टी माझी, वांगी माझी, फुनक्यांबरोबर शेवभाजी तिची. धुरपदाबाईने पहिला घास घेतला, मग फुनका रश्श्यात चुरला. तिसऱ्यांदा भाजी मागितली. बोटं चाटून म्हणाली, "पुष्पाबाई, कढी गयी ते जाऊ दे. पन हाई भाजी! घरना बाईना हात लगेच समजी जास. रोडवरना ढाबामा असं जलमभर भेटत नही."

मंदा माझ्या शेजारीच वाढत होती. "हा माय," ती म्हणाली, "मसाला अक्कानाच शे."

माझ्या हातात वरणाची बादली होती. समोर भाविका बसली होती. दारात उभी असताना तिने आडव्या पातेल्याची हिरवट कड पाहून काय ते ओळखलं असावं, कारण माझ्या तोंडाकडे बघून तिने हळूच मान हलवली. नको, आई. मला लेकीचं मन कळत होतं. गप्प राहिले असते तर सगळं ठीक झालं असतं. पाहुणे खूश, लग्न पक्कं, माझं नाव कायम. आणि मंदा? मंदा चोपड्याच्या लोकांच्या लेखी कायमची फुकटचं सांडणारी ढाबेवाली राहिली असती.

मी बादली खाली ठेवली. "माय," मी म्हटलं, "हाई भाजी मनी नही. मसाला बी मना नही. बठ्ठं मंदानं शे, तिना ढाबावरथीन येल."

पंगतीतले हात थांबले.

"अन कढी तिना धक्काथीन नही सांडनी. ती कळकेल व्हती. पातेलानी कल्हई मीच घासी काढी. तुमना नातवंडसले मी तीच वाढनार व्हती. मंदानी मनं ऐकं नही, अन सांडी दिन्ही. चूक मनी व्हती अन बोल तिनी खायात. आते तुमले जे ठरावनं ते ठराई ल्या."

भाविकाने मान खाली घातली. आमचे हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मला पहिल्यांदाच पाहत आहेत. धुरपदाबाईने हातातला घास ताटात ठेवला. आता ताट सरकवणार, असं मला वाटलं.

"आतून पिवळं व्हतं?" तिने विचारलं.

"हा."

"अन पांढरा डाग घासी काढात तू?"

"हा, माय. इट लाईसन."

तिने बोटं ताटाच्या कडेला पुसली आणि म्हणाली, "मीबी काढात. मांगला आठवडामा. लगीनना करता आमना वाडानं पितळी पातेलं मी स्वता बठीसन घासं. सुना म्हनेत राहू द्या, मी म्हनं तुमले घासता येत नही." ती पंगतीकडे न बघता बोलत होती. "पाचशे मानसंसनी कढी त्यामाच व्हनार व्हती."

कोणी हसलं नाही. म्हातारीने काठीने शेजारच्या सुनेला सरकवलं, जागा केली आणि मंदाकडे पाहिलं. "ये बाई. आठे बठ, मना जोडे. सकायपाशी पोटमा काही नही व्हई तुना." मंदा नको नको म्हणत होती, तिला हाताला धरून बसवलं. स्वतःच्या ताटातली बट्टी मोडून तिच्या पुढ्यात ठेवली. "मी वंगाय बोलनी तुले," ती म्हणाली. "लगीनना सयपाक दखाले तू येशी. भांडा तू दखशी, मंगच चूल पेटी." आणि मग माझ्याकडे वळून, "अन व्याहीनबाई, तुमी तोंड उघाडं नसतं तर मना घरमा काय व्हतं? पोर तुमना घरनीच पाहिजे माले."

भाविका रडायला लागली. मीही रडले, वरणाची बादली पायाशी तशीच होती.

संध्याकाळी गाड्या गेल्या. बायका पांगल्या, झुलाल आणि आमचे हे मंडपाची दोरी सोडत बसले. मंदा परसात शेवटची भांडी पालथी घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"मंदा, नऊ वर्षं मी तुले नावं ठेयात," मी म्हटलं. "त्या दिवशी चार बायासमोर बोलनी. ज्या हातले बोलनी, त्या हातनी आज मनं घर वाचाडं. माले माफ कर."

"अक्का, जाऊ द्या ना." ती हसली, पण तिचेही डोळे भरले होते. मग म्हणाली, "सांडताना मना जीव गया हो. लगीन व्हईसन मी आठे उनी तव्हय तुमनी कढी खाईसनच मी या घरमा रमनी. माय आठवे तव्हय तुम्ही वाटी दी जात. नऊ वरीस व्हयनात, तुमना घर जेवाले बठनी नही मी. आज म्हने, पाव्हनी म्हनीसन का व्हईना, दोन वाट्या भेटतीन. अन मीच वती दिन्ही."

दुपारच्या उलट्यांनंतर ताकाचा वास नुसता आठवला तरी मला नकोसा होत होता. घरातलं ताक सगळं संपलं होतं. मी शेजारी गेले आणि तांब्याभर ताक मागून आणलं. चूल पेटवली, बेसन कालवलं, लसूण ठेचला. फडताळातून लहानसं पातेलं काढलं, आणि चुलीवर ठेवण्याआधी ते मंदापुढे धरलं.

तिने आत वाकून नीट पाहिलं आणि मान हलवली. स्टीलचं होतं, तरी मी धरलं.